मेल आला नाही, म्हणजे काय?

वर्डप्रेसवर साइट चालवणाऱ्या पुष्कळांकडे एक छोटं प्लगइन असतं. वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली आहे का, साइटवरच्या बाकीच्या प्लगइनांना आणि थीमना अपडेट आलं आहे का, हे ते ठरल्या वेळी पाहतं आणि आलं असेल तर साइट सांभाळणाऱ्याला मेल पाठवतं. अशा प्लगइनचा कोड सुधारायला घ्यावा का, आणि सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं, यावर दोन भूमिका मी सतत ऐकत आलो आहे. दोन्ही मनापासूनच्या आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. इथे त्या एका मावशीच्या आणि तिच्या भाचीच्या तोंडी दिल्या आहेत. मावशी काही शाळा, वाचनालयं आणि पतसंस्थांच्या साइट सांभाळते. रात्री-अपरात्री साइट बंद पडली की फोन तिला येतो. भाची प्रोग्रॅमर आहे, आणि या प्लगइनची देखभाल आता तिच्याकडे आली आहे.

भाची : मावशी, हे प्लगइन मी नीट करायला घेणार आहे. सेटिंगचं पान, तपासणी, मेलचा मजकूर, सगळं एकाच फाइलमध्ये कोंबलंय. एका फंक्शनमध्ये तर इफच्या पोटात इफ इतके गेलेत, की खालच्या ओळीपर्यंत पोचेतो वरची अट विसरायला होते.

मावशी : चालतंय ना ते?

भाची : चालतंय.

मावशी : मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालतेस? नेटस्केपचं काय झालं आठव. १९९७ मध्ये त्यांच्या ब्राउझरची चौथी आवृत्ती आली. नंतर जुना कोड नकोसा झाला आणि त्यांनी सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही. सहावी आली ती थेट २००० च्या नोव्हेंबरात. तोवर इंटरनेट एक्सप्लोररनं मैदान मारलं होतं. जुन्या कोडमधली वेडीवाकडी ओळ ही बहुतेक वेळा कुणाच्या तरी तक्रारीवरचा इलाज असते. ती तू पुसलीस की तक्रार परत माझ्या दारात.

भाची : पहिल्यापासून लिहायचं मी म्हणतच नाहीये. मार्टिन फाउलरचं रिफॅक्टरिंगवरचं पुस्तक १९९९ मध्ये आलं, त्याचा पायाच हा आहे : बाहेरून दिसणारं वागणं तसंच ठेवायचं आणि आतली रचना बदलायची, तीही एकेका छोट्या पावलानं. नेटस्केपनं केलं ते याच्या बरोबर उलट होतं.

मावशी : बाहेरून काहीच बदलणार नसेल तर माझ्या पदरात काय पडणार? परवा तू कोड तपासायचं ते साधन चालवलंस. केवढी लांबलचक यादी आली! इथे टॅबच्या जागी स्पेस आहे, कंसाच्या आत मोकळी जागा सोडलेली नाही, तुलनेत स्थिर किंमत डावीकडे लिहायला हवी होती. यातल्या एकाही गोष्टीनं माझी एकही साइट कधी बंद पडलेली नाही.

भाची : त्याच यादीत आणखीही काही होतं. फॉर्ममधून आलेली माहिती न तपासता साठवली जातेय, बाहेरून आलेला मजकूर तसाच पानावर छापला जातोय, सेटिंग बदलणारा माणूस खरंच अधिकारी आहे का हे पाहिलं जात नाही. स्पेसच्या तक्रारींच्या गर्दीत त्या दिसेनाशा झाल्या, हे मात्र खरं.

मावशी : मग त्या तेवढ्या दुरुस्त कर. बाकी राहू दे. मला एकच कळतं : अपडेट आलं की मेल आला पाहिजे.

भाची : बरं, तिथूनच बोलू. वाचनालयाच्या साइटवरून गेल्या पंधरा दिवसांत मेल आला?

मावशी : नाही.

भाची : त्यावरून तू काय समजलीस?

मावशी : अपडेट आलं नसेल. दुसरं काय?

भाची : दुसरं बरंच काही असू शकतं. तपासणी झालीच नसेल. झाली असेल, पण अपडेटची यादी देणाऱ्या सर्व्हरशी संपर्क झाला नसेल. संपर्क झाला असेल, पण नवी आवृत्ती जुनीच आहे असं प्लगइनला वाटलं असेल. मेल तयार झाला असेल, पण होस्टिंगनं तो बाहेर जाऊच दिला नसेल. किंवा तो गेला असेल आणि मेलचा पत्ता ज्याचा होता तो माणूस संस्था सोडून गेला असेल. या प्रत्येक वेळी तुझ्या इनबॉक्समध्ये सारखीच गोष्ट दिसते, ती म्हणजे काहीच नाही. सगळं आलबेल असतानाही हेच दिसतं.

मावशी : रात्री गस्त घालणाऱ्या रखवालदाराच्या काठीचा आवाज थांबला, तर वस्ती सुरक्षित आहे की तो झोपलाय, हे घरात पडून कळत नाही, तसंच झालं हे. पण हे सगळं होऊ शकतं म्हणतेस, की खरंच होतं?

भाची : खरंच होतं, आणि फार मोठ्या पातळीवर झालंय. इक्विफॅक्स ही अमेरिकेतली लोकांच्या पतव्यवहारांची माहिती ठेवणारी कंपनी. २०१७ च्या मार्चमध्ये अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या एका गंभीर त्रुटीवरची दुरुस्ती जाहीर झाली. सरकारी इशारा निघाला आणि कंपनीत तो मेलनं पुढेही पाठवला गेला. पण ज्या यादीवर पाठवला ती यादी जुनी होती. दुरुस्ती ज्यांनी करायची त्यांच्या हाती तो पडलाच नाही. नंतर कंपनीनं आपल्या यंत्रणा तपासल्या, त्यात ती त्रुटी सापडली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले. आत-बाहेर जाणारी माहिती तपासायला एक उपकरण होतं, पण त्याच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कधीच संपली होती, त्यामुळे एन्क्रिप्टेड माहिती त्याला दिसतच नव्हती. जुलैअखेर प्रमाणपत्र नवं केलं आणि लगेच संशयास्पद हालचाल नजरेस आली. तोवर साडेचौदा कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली होती.

मावशी : पण यात कोड कुठे वाईट होता? यादी जुनी राहिली, प्रमाणपत्र कुणी नवं केलं नाही. या माणसांच्या चुका. फंक्शन लहान लिहिल्यानं त्या टळल्या असत्या का?

भाची : नसत्या टळल्या. पण बघ, मेल, तपासणी आणि ते उपकरण, तिन्ही गप्प होते आणि तिन्हींचं गप्प राहणं 'सगळं ठीक' असं वाचलं गेलं. सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरचा खरा धोका हाच आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर चुकलं तर चुकीचा आकडा दिसतो आणि कुणीतरी ओरडतं. सूचना देणारं सॉफ्टवेअर चुकलं तर काहीच दिसत नाही. म्हणून त्याच्या कोडची गुणवत्ता मोजायची ती 'अपडेट नाही' आणि 'मला कळलं नाही' यांत तो फरक करतो का, यावर.

मावशी : आपलं प्लगइन करतं?

भाची : नाही करत. वर्डप्रेस दिवसातून दोनदा आपल्या सर्व्हरला विचारतं, की माझ्याकडे ही ही प्लगइनं या या आवृत्तीची आहेत, यांतलं काय जुनं झालं? आलेलं उत्तर ते डेटाबेसमध्ये ठेवतं. आपलं प्लगइन ती नोंद वाचतं. नोंद सापडलीच नाही तर वर्डप्रेस 'फॉल्स' परत देतं. आपला कोड त्या फॉल्सला रिकामी यादी समजतो आणि मुकाट्यानं बाहेर पडतो. एखादी गोष्ट माहीत नसणं आणि ती नसणं, दोन्हींची वाट एकच.

मावशी : म्हणजे एक इफ वाढवला की झालं. त्यासाठी अख्खं घर पाडायला नको.

भाची : पहिल्यांदा मलाही असंच वाटलं. मग वर्डप्रेसचा स्वतःचा कोड वाचला. त्या नोंदीत शेवटची तपासणी कधी झाली याची वेळ असते. मला वाटलं, ती वेळ ताजी असली म्हणजे माहितीही ताजी. पण वर्डप्रेस ती वेळ सर्व्हरला विचारण्याआधीच लिहून ठेवतं. त्यालाही चांगलं कारण आहे : सर्व्हर अडकला तर प्रत्येक पान उघडताना पुन्हा पुन्हा तीच विचारणा होऊन साइट गुदमरू नये. पण याचा अर्थ असा, की विचारणा फसली तरी वेळ ताजी दिसते आणि खालची यादी मात्र जुनीच राहते. ती प्रयत्नाची वेळ आहे, यशाची नव्हे. यशाची वेळ हवी असेल तर सर्व्हरचं उत्तर खरोखर आलं तेव्हा आपणच वेगळी नोंद करायला हवी.

मावशी : हे मला ठाऊक नव्हतं. मी त्या वेळेवरच विसंबून असते.

भाची : आणि आवृत्त्यांची तुलना. मागच्या खेपेला एखाद्या प्लगइनच्या १.९ आवृत्तीचा मेल गेला, तसं आपण नोंदवून ठेवलं. आता १.१० आली. आपला कोड साध्या 'मोठं आहे का' या चिन्हानं तुलना करतो. पीएचपी ही कोडची भाषा दोन्हींना दशांश आकडे समजते. १.१० म्हणजे १.१, आणि तो १.९ पेक्षा लहान. मेल नाही. आवृत्ती तीन भागांची असली, म्हणजे १.९.० आणि १.१०.० अशी, तर तुलना अक्षरागणिक होते आणि तिथेही नऊच्या समोर एक हरतो. आवृत्त्यांची तुलना करायला पीएचपीमध्ये वेगळं फंक्शन आहे. बीटा आवृत्ती अंतिम आवृत्तीच्या आधीची, हेही त्याला कळतं.

मावशी : मग हे आजवर लक्षात कसं आलं नाही?

भाची : कारण ही तुलना त्या पाचपदरी इफच्या तळाशी आहे. तिथे पोचायचं तर आधी नेटवर्क लागतं, डेटाबेस लागतो, ठरलेली वेळ यावी लागते, मेल जावा लागतो. एवढा सगळा संसार मांडल्याशिवाय 'नऊनंतर दहा आले तर काय करशील' हा साधा प्रश्न त्या कोडला विचारताच येत नाही. कोड दिसायला वाईट आहे म्हणून मी तो मोडत नाहीये. त्याला प्रश्न विचारता यावेत म्हणून रचना बदलायची आहे.

मावशी : कशी बदलणार ते सांग.

भाची : निर्णय घेणारा भाग वेगळा काढायचा. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : आत्ता काय कळलंय, पूर्वी काय सांगून झालंय आणि आता किती वाजलेत. त्यानं फक्त सांगायचं, की कुणाला काय कळवायचं. त्याच्या आत नेटवर्क नको, मेल नको, वर्डप्रेसचं एकही फंक्शन नको. माहिती आणणं आणि मेल पाठवणं बाहेरच्या दोन भागांकडे. मग या मधल्या भागाला हजार प्रश्न क्षणात विचारता येतात. माहिती जुनी असेल तर? यादी मिळालीच नाही तर? एखाद्या लेखकानं आलेली आवृत्ती मागे घेतली तर? त्यातली प्रत्येक टेस्ट म्हणजे तुझी एकेक जुनी तक्रार लिहून ठेवलेली असेल.

मावशी : थांब. मी म्हटलं होतं, वेडीवाकडी ओळ म्हणजे जुना इलाज. तो इलाज कशावरचा होता हे तुला आज ठाऊकच नसेल, तर टेस्ट कशाची लिहिणार?

भाची : हा प्रश्न बरोबर आहे. मायकेल फेदर्सनं २००४ मध्ये जुन्या कोडवर जे पुस्तक लिहिलं, त्यात याचं उत्तर आहे. आधी कोड आज जसा वागतो तसाच टेस्टमध्ये पकडायचा, बरोबर-चूक न ठरवता. मग रचना बदलायची. वागणं कुठे हललं तर टेस्ट लगेच सांगेल. ते हलणं हवं होतं की नको, हे तू आणि मी बसून ठरवायचं.

मावशी : हे पटतं. पण मग मेलच्या बाबतीत माझंही ऐक. तुम्ही प्रोग्रॅमर लोक सूचना पोचली पाहिजे एवढंच धरून बसता. पोचलेली सूचना वाचली गेली पाहिजे, याचा विचार करत नाही. दुसऱ्या एका साइटवर असंच एक प्लगइन होतं. जोवर अपडेट होत नाही तोवर तोच मेल रोज. तिथल्या क्लार्कनं ते सगळे मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये वळवले आणि तो फोल्डर परत कधी उघडला नाही. सूचना रोज पोचत होती, वाचत कुणीच नव्हतं.

भाची : म्हणून तर आपलं प्लगइन कळवलेली आवृत्ती नोंदवून ठेवतं. पण ते आधी नोंदवतं, मग मेल पाठवतं, आणि मेल गेला की नाही हे बघतही नाही. त्या दिवशी मेल पाठवणारी यंत्रणा बंद असली तर ती आवृत्ती कायमची 'कळवलेली' ठरते. हा क्रम उलटा हवा.

मावशी : उलटा केलास तर मेल जाईल आणि नोंद करायच्या आत काम तुटेल. मग तोच मेल पुन्हा.

भाची : हो. दोन्हींपैकी एक धोका पत्करावाच लागतो : मेल हरवण्याचा किंवा दोनदा जाण्याचा. तिसरी वाट नाही. वर्डप्रेसच्या मेल फंक्शननं 'झालं' असं उत्तर दिलं तरी त्याचा अर्थ मेल पुढच्या यंत्रणेकडे सोपवला एवढाच असतो. तो पोचला असं नव्हे, हे त्यांच्या माहितीपत्रातच लिहिलंय. म्हणून मी दोनदा जाण्याचा धोका पत्करीन. हरवलेल्या मेलची तक्रार कुणीच करत नाही, दुसऱ्यांदा आलेल्या मेलची तरी होते.

मावशी : दोनदा चालेल, दहादा चालणार नाही. माझी अट लिहून घे. सगळ्या अपडेटचा मिळून एकच मेल. पाठवणं फसलं तर पुन्हा प्रयत्न कर, पण त्याला मर्यादा असू दे. मर्यादा संपली की साइटच्या डॅशबोर्डवर ठळक दिसू दे. आणि मेलच्या पहिल्याच ओळीत काय करायचं ते असू दे. कुठलं प्लगइन, कुठली आवृत्ती चालू आहे, कुठली आली आहे.

भाची : मान्य. ही अटही निर्णयाच्या त्या मधल्या भागातच बसेल, आणि तिची टेस्टही लिहिता येईल.

मावशी : आणखी एक शंका. आजकाल अपडेट आपोआप होतात. २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून वर्डप्रेस स्वतःची छोटी अपडेट आपण होऊन घेतं. २०२० च्या ५.५ पासून प्लगइन आणि थीमनाही ती सोय आहे. मग या प्लगइनसाठी एवढा जीव कशाला काढायचा?

भाची : तुझ्या पतसंस्थांच्या साइटवर ते आपोआप अपडेट तू चालू ठेवलंयस?

मावशी : नाही. एकदा एका अपडेटनं अर्जाचा फॉर्म मोडला होता. आता आधी चाचणीच्या साइटवर बघते, मगच खऱ्या साइटवर.

भाची : म्हणून सूचना लागते. जिथे ते चालू आहे तिथेही सुटका नाही, कारण आपोआप अपडेट आणि आपली तपासणी दोन्ही वर्डप्रेसच्या एकाच वेळापत्रकावर चालतात, आणि ते वेळापत्रक खऱ्या घड्याळावर चालत नाही. कुणी साइटचं पान उघडलं की त्या निमित्तानं वर्डप्रेस बघतं, की कुठलं काम राहिलंय का. वाचनालयाच्या साइटवर दिवसभर कुणी फिरकलं नाही तर काम तसंच पडून राहतं. शिवाय सगळी पानं कॅशेमधूनच दिली जात असतील तर लोक येऊनही वर्डप्रेसला पत्ता लागत नाही. अपडेट आणि त्याची सूचना, दोन्ही एकाच वेळी थांबतात.

मावशी : त्यावर मी उपाय केलाय. ते अंतर्गत वेळापत्रक बंद करून सर्व्हरच्या क्रॉनवरून ठरल्या वेळी काम चालवते.

भाची : सगळ्या साइटवर?

मावशी : स्वस्त होस्टिंगवर ती सोय मिळत नाही. तिथे नाही.

भाची : मग तिथे प्लगइननं स्वतःच सांगायला हवं, की माझी तपासणी इतक्या तासांपूर्वी व्हायला हवी होती, झालेली नाही. याच वेळापत्रकाबद्दल आणखी एक दोष आपल्याकडे आहे. काम आधीच लावलेलं आहे का हे न बघता ते पुन्हा लावलं जातं आणि प्लगइन बंद केलं तरी काढलं जात नाही. काही साइटवर एकाच तपासणीच्या कितीतरी प्रती रांगेत उभ्या आहेत.

मावशी : आणि खोट्या सूचना? त्याचं काय करणार? आपण स्वतः लिहून घेतलेल्या एका प्लगइनचं अपडेट आलं म्हणून मेल आला होता. आपण तर काही केलं नव्हतं.

भाची : तुझ्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव वर्डप्रेसच्या जाहीर यादीतल्या एका परक्या प्लगइनशी जुळलं असणार. वर्डप्रेस नावावरून ओळखतं. त्या सूचनेवर कुणी क्लिक केलं असतं तर तुझा कोड जाऊन तिथे परका कोड बसला असता. हे टाळायला २०२१ च्या ५.८ आवृत्तीत एक सोय आली : प्लगइनच्या मथळ्यातच लिहायचं, की याची अपडेट या पत्त्यावरून येतात, जाहीर यादीतून नव्हे. ती एक ओळ मी आपल्या सगळ्या खासगी प्लगइनांना लावते.

मावशी : सूचनेवर माणूस विश्वास टाकतो, म्हणून तिच्यातली चूक जास्त महाग पडते.

भाची : त्या विश्वासाचा गैरफायदाही घेता येतो. मॅकवर स्पार्कल नावाची एक यंत्रणा आहे. कितीतरी ॲप तिच्याच मदतीनं 'नवी आवृत्ती आली आहे' असं सांगतात. २०१६ च्या सुरुवातीला तिच्यात एक भगदाड उघडकीला आलं. पुष्कळ ॲप ही माहिती साध्या, एन्क्रिप्ट न केलेल्या मार्गानं आणत होती, आणि नव्या आवृत्तीत काय आहे हा मजकूर वेबपानासारखा दाखवला जात होता. वाटेत बसलेल्या कुणालाही त्या मजकुरात हवं ते घुसडता येत होतं. अपडेटची सूचना हेच आत शिरायचं दार झालं. आपल्या प्लगइनच्या मेलमध्येही बाहेरून आलेली नावं आणि मजकूर तसाच जातो. तो आधी निर्धोक करणं, हे पहिल्या दिवसाचं काम.

मावशी : बरं. आता माझं शेवटचं म्हणणं. तू जे जे सांगितलंस ते करायला मी हरकत घेत नाही. पण क्रम माझा. आधी सुरक्षेच्या दुरुस्त्या. मग आज कोड कसा वागतो त्याच्या टेस्ट. मग 'कळलं नाही' हे वेगळं ओळखणं आणि आवृत्त्यांची तुलना. मग मेलचा क्रम. प्रत्येक टप्पा वेगळा काढायचा, आधी एका साइटवर ठेवायचा, आठवडाभर बघायचा, मगच बाकीच्यांवर. आणि टॅब-स्पेसची साफसफाई या कशातही मिसळायची नाही. काही बिघडलं तर कुठल्या बदलानं बिघडलं हे मला मध्यरात्री शोधावं लागतं. हजार ओळी नुसत्या सरकलेल्या दिसल्या तर खरी एक ओळ मला कशी सापडणार?

भाची : साफसफाई वेगळ्या कमिटमध्ये करीन. इतिहास बघताना तो कमिट वगळायची सोय २०१९ च्या गिट २.२३ पासून आहेच. पण ती करणारच, यावर मी ठाम आहे. आज देखभाल माझ्याकडे आहे, उद्या दुसऱ्या कुणाकडे जाईल. जिथे प्रत्येक ओळ वेगळ्या वळणाची असते, तिथे चुकीची ओळ उठून दिसत नाही. सगळीकडे एकच शिस्त असली की नवख्या डोळ्यालाही खटकायचं ते खटकतं.

मावशी : मला ते अजूनही दुय्यम वाटतं.

भाची : आणि मला ते सगळ्यात शेवटचं वाटतं, पण दुय्यम वाटत नाही. तोवर पीएचपीस्टॅनसारखं साधन लावून ठेवते. आजच्या सगळ्या तक्रारी ते एका फाइलमध्ये नोंदवून बाजूला ठेवतं आणि इथून पुढे नवी तक्रार आली तरच अडवतं. 'इथे यादी असेल किंवा फॉल्स असेल' हे न पाहता कुणी पुढे गेलं, तर ते लिहितानाच कळेल.

मावशी : हे चांगलं. जुन्या पसाऱ्याची शिक्षा नव्या कामाला नको. पण एक राहिलंच. वेळापत्रकच मेलं तर प्लगइन स्वतः कसं सांगणार, की मी मेलोय? रोज 'मी ठीक आहे' असा मेल पाठवायला लावू नकोस. तोही त्याच फोल्डरमध्ये जाईल.

भाची : मेल नाही. तपासणी यशस्वी झाली की प्लगइन साइटबाहेरच्या एका ठिकाणी नुसती नोंद करेल. त्या बाहेरच्या ठिकाणाला माहीत असेल, की प्रत्येक साइटकडून दिवसातून एकदा नोंद यायला हवी. एखाद्या दिवशी नाही आली, तर ते ओरडेल. प्लगइनला स्वतःचं मरण कळवता येत नाही, पण त्याची वाट बघणाऱ्याला ते कळतं.

मावशी : आणि ते बाहेरचं ठिकाणच बंद पडलं तर?

भाची : तिथे कोड संपतो. ते तुला बघावं लागेल.

मावशी : ते मी करू शकते. सगळ्या साइट एका पानावर, कुणी कधी शेवटचं यशस्वीपणे विचारलं त्याच्या वेळेसकट. सकाळी एकदा बघायचं. आणि प्रत्येक संस्थेत मेल कुणाला जातो ते दर तीन महिन्यांनी विचारून घ्यायचं. इक्विफॅक्सची यादी जुनी राहिली, ती कुठलंही फंक्शन दुरुस्त करून नवी झाली नसती.

भाची : नसती झाली. पण शेवटचा मेल कुठल्या पत्त्यावर गेला हे प्लगइन त्या पानावर दाखवू शकतं, म्हणजे विचारायचं तुझ्या लक्षात राहील.

या दोघींचं टॅब-स्पेसवर एकमत झालं नाही, आणि ते झालं पाहिजे असंही मला वाटत नाही. कोड वाचणाऱ्याला आणि साइट जागती ठेवणाऱ्याला गुणवत्ता वेगवेगळ्या बाजूंनी दिसणारच. पण माझं मत मी इथे स्पष्ट मांडतो. सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरची सुधारणा सौंदर्यापासून सुरू करू नये, आणि 'चालतंय' एवढ्यावर ती टाळूही नये. सुरुवात एका प्रश्नापासून करावी : हे प्लगइन गप्प असताना त्या गप्प राहण्यावर कुणाला विश्वास ठेवता येतो का? निर्णयाचा भाग वेगळा काढणं, टेस्ट लिहिणं, तुलना नीट करणं, बाहेर नोंद ठेवणं, पत्ता तपासणं ही सगळी कामं या एका प्रश्नाच्या उत्तराचे भाग आहेत. ज्या सुधारणेमुळे हे उत्तर 'हो'च्या जवळ जातं ती आधी करावी. बाकीची तिच्या मागून येऊ द्यावी. एका छोट्या प्लगइनच्या मेलवर शाळा, वाचनालयं आणि पतसंस्था निर्धास्त असतात. त्यांना असं निर्धास्त राहता यावं, ही तो कोड लिहिणाऱ्याची आणि तो चालवणाऱ्याची सामायिक जबाबदारी आहे.